घासून गेलेला निळा

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात चिलखतांच्या चित्रांचा एक जुना संग्रह आहे. अभ्यासकांत तो 'अल्मेन आर्मरर्स आल्बम' या नावाने ओळखला जातो. आठव्या हेन्रीने सोळाव्या शतकाच्या आरंभी ग्रीनिच येथे जो राजेशाही चिलखतखाना उघडला, तिथला प्रमुख कारागीर जेकब हॅल्डर याच्या हातची ही चित्रे. काळ साधारण १५५७ ते १५८७. एलिझाबेथ राणीच्या दरबारातल्या सरदारांसाठी घडवलेल्या सुमारे तीस चिलखतांचे हे आराखडे, आणि ते रंगीत आहेत. कुठे पोलादाची जमीन गडद तपकिरी, कुठे जांभळट, कुठे निळी. त्यावर सोनेरी पट्टे. वांग्याच्या सालीवर जरीचा काठ लावावा तसे ते दिसते.

आता त्याच कारखान्यातून निघालेली, आज संग्रहालयांत उभी असलेली चिलखते पाहावीत. त्यांतली कितीतरी पांढरीफटक आहेत, घासलेल्या स्टीलच्या पातेल्यासारखी. चित्रपटांनी आणि शालेय पुस्तकांनी आपल्या मनात जो 'चकचकीत चिलखतातला सरदार' बसवला आहे, तो या पांढऱ्या चिलखतांवरून. मूळचा सरदार असा चकचकत नव्हता. त्याच्या अंगावर रंग होता आणि तो रंग पुढच्या पिढ्यांनी घासून काढला.

कोणी मुद्दाम केले नाही. टॉवर ऑफ लंडनमध्ये किंवा सरदारांच्या वाड्यांत ही चिलखते सांभाळायला जी माणसे नेमलेली होती, त्यांचे कामच ती लखलखीत ठेवणे हे होते. तेल, वाळू, विटेची भुकटी, कुरुंदाची पूड ही त्यांची साधने. लोखंड म्हटले की गंज, आणि गंज म्हटला की घासणे, हा हिशेब शतकानुशतके चालला. आपल्याकडेही खंडेनवमीला शस्त्रे आणि अवजारे घासूनपुसून पूजेला मांडतात. त्या हातांना कोणी सांगितले असते की 'हा काळसर निळा रंग मळ नाही, अलंकार आहे', तर त्यांना ते पटले असते की नाही कोण जाणे. काळसर ते मळलेले आणि चकचकीत ते स्वच्छ, ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे. तिच्याशीच या लेखाचे भांडण आहे.

पण आधी हा रंग म्हणजे काय ते पाहू. कारण तो 'लावलेला' नसतो. त्यात रंगद्रव्य नाही, तेल नाही, लुकण नाही. स्वच्छ घासलेले पोलाद हवेत तापवले की त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा धरतो. त्या पापुद्र्याच्या वरच्या बाजूवरून आणि खालच्या बाजूवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, काही रंग एकमेकांना मारतात, काही उठून दिसतात. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलच्या तवंगावर जे दिसते तेच हे. भौतिकशास्त्रात याला व्यतिकरण म्हणतात. पापुद्रा जाड होत जाईल तसा रंग बदलतो: आधी गव्हाच्या काडीचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. साध्या कार्बन पोलादावर २२०-२३० अंश सेल्सियसला पिवळी झाक येते, २८०च्या आसपास जांभळी आणि ३००च्या जवळ तो प्रसिद्ध निळा.

आपल्या लोहारांना हे वेगळे सांगायला नको. छिन्नीला किंवा पटाशीला पाणी देताना तो एक टोक घासून पांढरे करतो, आणि मागच्या तापलेल्या भागातून रंग कसे धारेकडे सरकत येतात ते डोळ्यांत तेल घालून पाहतो. पिवळा धारेला पोचला की बुडवायचे. निळा पोचू दिला तर धार मऊ पडणार, स्प्रिंग करायची असेल तर निळाच हवा. तापमापकाच्या आधीचा हा तापमापक. रंगाचा उपयोग संपला की लोहार तो विसरतो, किंवा सहाणेवर घासून टाकतो. त्याच्या लेखी ती खूण आहे, शोभा नाही.

शास्त्रज्ञांचे लक्ष मात्र त्या रंगानेच वेधले. रॉबर्ट हूकने १६६५ च्या 'मायक्रोग्राफिया'त अभ्रकाच्या पापुद्र्यांतले रंग आणि तापवलेल्या पोलादावरचे रंग एकाच प्रकरणात घेतले आणि दोन्ही पातळ थरांचे खेळ आहेत असे मांडले. न्यूटननेही 'ऑप्टिक्स'मध्ये (१७०४) पातळ थरांच्या रंगांबरोबर तापलेल्या पोलादाचा उल्लेख केला. तरी वाद मिटला नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभीही हे खरोखर व्यतिकरणच आहे का, यावर दुमत होते. १९२२ साली कलकत्त्याहून सी. व्ही. रामन यांनी 'नेचर' साप्ताहिकात पाणी दिलेल्या पोलादाच्या रंगांवर एक छोटे टिपण लिहिले, ते याच वादात. पुढे केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी धातूंवरच्या या पापुद्र्यांचा आयुष्यभर पाठपुरावा केला आणि पारडे व्यतिकरणाच्या बाजूला झुकले.

इव्हान्स यांच्या कामातून या पापुद्र्यांच्या जाडीचा अंदाज मिळतो. लोखंडावरच्या पिवळ्याची जाडी साधारण ४५ नॅनोमीटर, निळ्याची साधारण ७०. माणसाचा केस ढोबळ मानाने ७०,००० नॅनोमीटर धरला तर हा निळा केसाच्या हजाराव्या हिश्शाइतका आहे. एवढ्यावर जेकब हॅल्डरच्या चिलखतांची सगळी शोभा उभी होती. एक माणूस, एक ओले फडके आणि चिमूटभर विटेची भुकटी. चार हात फिरवले की संपले. आणि संपले म्हणजे कायमचे. त्याखाली दुसरा थर नाही.

येथे कोणी म्हणेल की चारशे वर्षे म्हणजे काही थोडका काळ नव्हे, रंग उडायचाच. हे खरे नाही, आणि त्याचा पुरावा अनेकांच्या घरात सापडेल. जुन्या खिशातल्या घड्याळांचे काटे आणि आतले बारीक स्क्रू निळे असतात. तो रंगही लावलेला नाही. पितळी कीस भरलेल्या छोट्या तबकात तो काटा किंवा स्क्रू ठेवून खाली स्पिरिटचा दिवा धरतात आणि निळा आला की क्षणात उचलतात. तोच पापुद्रा, तीच जाडी. दीड-दोनशे वर्षांच्या घड्याळात, दमट हवा आत शिरली नसेल तर, हा निळा आजही मोराच्या मानेसारखा झळकतो. काट्यावर काच होती, म्हणून कोणी फडके फिरवू शकले नाही. चिलखतांवरही जिथे फडके पोचले नाही तिथे, म्हणजे पट्ट्यांच्या खाली, रिव्हेटच्या कडेला, एकावर एक सरकणाऱ्या पत्र्यांच्या झाकलेल्या भागात, अभ्यासकांना मूळ रंगाचे अवशेष सापडतात. चिलखत मुळात कोणत्या रंगाचे होते हे ठरवायला आल्बमच्या जोडीला हाच साक्षीदार.

आता स्टेनलेस स्टीलकडे वळू. शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीने १९१३ च्या ऑगस्टमध्ये बंदुकीच्या नळ्यांची झीज कमी करण्याच्या खटपटीत सुमारे १२.८ टक्के क्रोमियम असलेले पोलाद ओतले आणि ते गंजत नाही हे त्याच्या ध्यानात आले. जर्मनीत क्रुप कंपनीत निकेल घातलेली दुसरी जात जवळजवळ त्याच सुमारास तयार झाली होती. आपल्या घरातली भांडी बव्हंशी तिच्याच वंशातली. या धातूचे न गंजणे हीसुद्धा पापुद्र्याचीच करामत आहे. क्रोमियम हवेतला ऑक्सिजन घेऊन दोन-तीन नॅनोमीटरचा एक घट्ट थर धरते. हा इतका पातळ की त्याला रंगच नाही. ओरखडा पडला तर तो आपोआप पुन्हा धरतो.

हाच धातू हवेत तापवला तर रंग येतात, पण उशिरा. क्रोमियम त्यांना अडवून धरते. नेहमीच्या ३०४ जातीवर २९० अंशांना फिकट पिवळा, ३४०ला काडीसारखा, ३९०ला तपकिरी, ४२०ला जांभळट तपकिरी, ४५०ला गडद जांभळा, ५४०ला निळा, ६००ला गडद निळा. मोटरसायकलच्या इंजिनाजवळ सायलेन्सरच्या वाकावर जे सोनेरी-निळे वलय दिसते ते बऱ्याचदा हेच. पण वेल्डिंग करणाऱ्या कारागिराला हा रंग दाखवला तर तो कपाळाला आठी घालतो. त्याच्या लेखी वेल्डच्या दोन्ही बाजूंना उमटणारे हे इंद्रधनुष्य म्हणजे कामातला डाग. पिकलिंग पेस्ट लावून किंवा बफ मारून तो काढल्याशिवाय रेलिंग गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायचे नसते.

कारागिराचे म्हणणे बरोबर आहे, आणि जतनाची खरी गाठ इथेच आहे. तापवताना पापुद्रा जाड होतो तो बराचसा पृष्ठभागालगतचे क्रोमियम ओढून घेऊन. त्यामुळे रंगाच्या लगेच खाली क्रोमियमने गरीब झालेला एक थर उरतो; वरचा पापुद्राही पहिल्या घट्ट पापुद्र्यासारखा अभेद्य नसतो. मीठ, म्हणजे क्लोराइड, तिथे पोचले की बारीक खड्डे पडून गंज धरतो. कोकणात समुद्राकाठच्या बंगल्यांच्या जिन्यांवर नेमक्या वेल्डच्या सांध्याशी तांबूस ठिपके दिसतात. तिथे कोणीतरी पेस्ट लावायचे टाळलेले असते. ज्या पापुद्र्याने धातूला शोभा येते त्यानेच त्याचे कवच कमजोर केलेले असते. चिलखताच्या बाबतीत रंग राखायचा तर घासू नका, एवढे म्हणून भागत होते. इथे रंग राखायचा म्हणजे त्याच्या पोटातला अशक्तपणाही राखायचा.

हे जोखीम पत्करून कोणी करेल असे पन्नास-साठ वर्षांपूर्वी वाटले नसते. स्टेनलेस स्टील दिवाणखान्यात आले तेच मुळी पांढरे म्हणून. किशिनेव्हमध्ये १९३० साली जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये वाढलेल्या मारिया पेर्गे यांना युजिनॉक्स या पोलाद उत्पादकाने या धातूत काही करून पाहायला सांगितले, आणि १९६८ साली पॅरिसच्या 'मेझाँ ए जार्दॅं' गॅलरीत त्यांच्या स्टीलच्या वस्तूंचे प्रदर्शन भरले. 'उडता गालिचा' हा दिवाण आणि वलयांची खुर्ची त्यांतलीच. मुलांसाठी संत्रे सोलताना सालीच्या वेटोळ्यावरून खुर्ची सुचली असे त्या सांगत. हॉटेलच्या भटारखान्यातला आणि शस्त्रक्रियेच्या खोलीतला धातू त्यांनी रेशमासारखा केला, पण त्याचा थंड पांढरेपणा तसाच ठेवला.

रंगाची हौस उद्योगाने आधी दुसऱ्या वाटेने भागवली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या संशोधकांनी क्रोमिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या गरम द्रावणात स्टील बुडवून त्यावर पारदर्शक पापुद्रा वाढवण्याची रीत पक्की केली: बुडवण्याचा वेळ वाढवाल तसा कांस्य, निळा, सोनेरी, लाल, हिरवा. हाही व्यतिकरणाचाच रंग. तो फार मऊ निघाला, म्हणून विजेचा प्रवाह देऊन कठीण करावा लागला. आज आपल्या शहरांतल्या हॉटेलांच्या आणि सराफी दुकानांच्या दर्शनी भागात जे सोनेरी किंवा गुलाबी स्टील दिसते ते बहुधा तिसऱ्याच जातीचे: निर्वात कोठीत टायटेनियम नायट्राइडसारख्या कठीण संयुगाचा थर चढवलेले, ज्याला बाजारात 'पीव्हीडी' म्हणतात. ते बरेच घासणे सोसते. तिन्ही रंग लांबून सारखे दिसू शकतात आणि विकणाऱ्यालाही पुष्कळदा फरक माहीत नसतो. सांभाळण्याचे नियम मात्र अगदी वेगळे, म्हणून विकत घेतानाच हे विचारून ठेवावे. ओळखायची एक ढोबळ खूण अशी: ज्योतीने तापवलेल्या पत्र्यावर रंग एकसारखा नसतो. ज्योत जिथून फिरली तिथे निळा, कडेला जांभळा, त्यापलीकडे सोनेरी, अशी नदीच्या पात्रासारखी रेघ उमटते.

ही रेघ हवीशी वाटणारे कारागीर आणि रचनाकार गेल्या काही वर्षांत पुढे आले आहेत. ते स्टीलची खुर्ची, मेज, टांगता दिवा घडवतात, ज्योतीने किंवा भट्टीत रंगवतात आणि वेल्डचा रंगही न पुसता तसाच ठेवतात. मला हा प्रकार आवडतो. दोषाला दागिना म्हणण्याचे धाडस त्यात आहे. पण या वस्तू आता लोकांच्या घरी जात आहेत आणि घरी गेल्या की टॉवर ऑफ लंडनचा तो जुना खेळ पुन्हा सुरू होतो.

आपल्या घरातली स्वच्छतेची साधने पाहा. तांब्या-पितळेला चिंच आणि मीठ, भांड्यांना तारेची घासणी किंवा हिरवी खरखरीत घासणी, फरशीला ॲसिड, मोरीला ब्लीच. यांतले एकेक या रंगाचे वैरी आहे. घासणी पापुद्राच नेते. लोखंडी तारेची असेल तर वर लोखंडाचे कण सोडून जाते आणि दोन दिवसांनी तेच कण गंजतात. चिंचेने एखाद वेळी फारसे बिघडणार नाही, पण तिच्याबरोबरचे मीठ बिघडवील. सर्वांत लबाड ते फरशीचे ॲसिड. नव्या घराच्या फरशीवरचे सिमेंट काढायला गवंडी हायड्रोक्लोरिक ॲसिड मारतात. ते वस्तूला लागलेही नाही तरी बंद खोलीतली त्याची वाफ स्टीलवर ठिपके उठवायला पुरते. रंगीत स्टीलवर तर ती आधी. गृहप्रवेशाच्या आदल्या दिवशी दिवे टांगून मग फरशी धुऊन घेणारे महाभाग मी पाहिले आहेत.

मग करायचे काय? उत्तर निराश करण्याइतके साधे आहे. मऊ सुती फडके, कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब, मग स्वच्छ पाण्याचे फडके आणि लगेच कोरडे पुसणे. बोअरच्या पाण्याचे क्षार डाग ठेवतात, म्हणून शेवटचे फडके शुद्ध पाण्याचे असावे. धूळ आधी मऊ ब्रशने झटकावी. आपल्याकडच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि कोरड्या फडक्याखाली ती धूळ म्हणजे कुरुंदाची पूडच. बोटांचे ठसे या पृष्ठभागावर फार उठून दिसतात, कारण तेलाचा थर पापुद्र्यावर बसला की व्यतिकरणाचा तोल बदलतो आणि निळ्याचा तिथे मातकट ठिपका होतो. रंग गेला असे वाटून माणूस घासायला लागतो. तसे करू नये. साबणाने किंवा थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने ठसा निघतो आणि खालचा निळा जसाच्या तसा असतो.

वरून पारदर्शक लॅकर मारून मोकळे व्हावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यात तथ्य आहे, पण किंमतही आहे. ऑक्साइड आणि हवा यांच्या सीमेवरून जे किरण परततात ते लॅकरखाली दुबळे होतात, कारण लॅकर आणि ऑक्साइड यांचे प्रकाश वाकवण्याचे गुण हवेपेक्षा एकमेकांच्या जवळचे असतात. रंग फिका पडतो, सरकतो. पुढे लॅकर पिवळा पडून सोलू लागला की तो काढण्याच्या भानगडीत पापुद्र्याला धोका. संग्रहालयांतले लोक त्यापेक्षा सूक्ष्मस्फटिकी मेणाचा अगदी पातळ हात पसंत करतात. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात अशा मेणाचे एक मिश्रण तयार झाले आणि धातूच्या वस्तूंसाठी ते आजही वापरात आहे. मेणानेही रंग थोडा दबतो, पण ते परत काढता येते. माझे मत विचाराल तर कोरड्या खोलीत ठेवलेल्या आणि कमी हाताळल्या जाणाऱ्या वस्तूला काहीच लावू नये. हात लागणाऱ्या खुर्चीच्या पाठीला मेण द्यावे. आणि समुद्रकाठी, गच्चीवर किंवा न्हाणीघरात असली वस्तू नेऊच नये.

दिव्यांचा प्रश्न थोडा वेगळा. दिव्याच्या उष्णतेने रंग बदलेल अशी भीती पुष्कळांना वाटते. स्टेनलेसवर पहिला पिवळा यायलाच २९० अंश लागतात. एलईडीच्या दिव्याजवळ धातू तिथपर्यंत पोचण्याचा प्रश्नच नाही. जुन्या हॅलोजनची काच काही शे अंश तापते, पण भोवतालचा पत्रा सहसा त्याच्या बराच खाली राहतो. साध्या पोलादाचा दिवा असेल तर मात्र सावध राहावे, तिथे २२० अंशांपासूनच खेळ सुरू होतो. एरवी दिव्यावर खरोखर करपते ती धूळ आणि स्वयंपाकघराची तेलकट वाफ, आणि त्यांचा पिवळा डाग रंग बदलल्यासारखा भासतो. मेण मात्र ७०-८० अंशांनाच वितळते, म्हणून ते दिव्याच्या तापणाऱ्या भागाला लावू नये.

आणि रंग गेलाच तर? पुन्हा तापवावा, असे सहज मनात येते. ज्योत पुन्हा फिरवली तर मूळ रेघ परत येत नाही, ठिगळाभोवती नवी वलये उठतात. सगळाच पृष्ठभाग पांढरा करून नव्याने तापवला तर ती नवी वस्तू झाली. शिवाय ४५० अंशांच्या वर फार वेळ ठेवल्यास काही जातींत क्रोमियम कार्बनशी जोडले जाऊन धातू आणखी दुबळा होतो. चिलखतांच्या बाबतीत तर नुकसान दुहेरी. ॲलन विल्यम्स या अभ्यासकाने ग्रीनिचच्या चिलखतांचे धातुशास्त्रीय परीक्षण करून ती पाणी देऊन कठीण केलेली होती हे दाखवले. हौसेने पुन्हा निळे केलेल्या पत्र्यात ती साक्ष पुसट होण्याचा संभव असतो. चारशे वर्षांपूर्वी कारागिराने कुठे थांबवले हे धातूच्या पोटात लिहिलेले असते.

म्हणून वस्तू घरी आली की पहिल्याच आठवड्यात तिची छायाचित्रे घ्यावीत. एकाच प्रकाशात, दोन-तीन कोनांतून, कारण हा रंग पाहणाऱ्याच्या जागेप्रमाणे बदलतो. शेजारी करड्या रंगाचा एक कागद ठेवावा म्हणजे पुढे तुलना करता येईल. जात, तापवण्याची रीत, कारागीर यांची नोंद मागच्या बाजूला नव्हे, कागदावर ठेवावी. आणि दिव्याची वरची वाटी, खुर्चीच्या पायाची टोपी, भिंतीला टेकणारी पट्टी असे जे भाग एरवी झाकलेले असतात, तिथले स्क्रू कधी काढावे लागले तर खालचा रंग पाहून घ्यावा, टिपून ठेवावा आणि न पुसता झाकण पुन्हा बसवावे.